मुलांसाठी कुत्रा घ्यायचाय? ब्रीड नंतर, आधी सकाळी सहाला कोण उठणार ते सांगा

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा मेसेज आला, निळ्या डोळ्यांच्या हस्कीच्या पिल्लाचा फोटो आणि खाली एकच ओळ, "ताई, हा घेऊ का? पोरं मागे लागलीयेत." भाऊ डोंबिवलीला राहतो, चौथा मजला, टू बीएचके, तो आणि त्याची बायको दोघंही सकाळी साडेसातच्या लोकलला, घरात आई आणि आईचे गुडघे, आणि दोन पोरं, मोठी सात वर्षांची, धाकटा चार. मी लगेच फोन लावला आणि विचारलं, बाबा रे, सकाळी सहाला याला खाली कोण नेणार? तर म्हणतो, "ते बघू गं, तू आधी ब्रीड सांग."

आमच्याकडे लहानपणापासून कुत्री आहेत, लग्नानंतर एक लॅब्रॅडॉर बारा वर्षं होता, आता एक गावठी आहे, त्यामुळे नातेवाइकांत हा प्रश्न माझ्याकडेच येतो. दर वेळी तेच तेच बोलून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी ब्रीड म्हणजे काय ते बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. माणसाने कुत्री पाळली ती कामासाठी, आणि ज्याला जे काम चांगलं जमतं त्याचीच पिल्लं पुढे वाढवत नेली. पण आज आपण ज्यांना ब्रीड म्हणतो, ठरलेला रंग, ठरलेले कान, वंशावळीचे कागद, ते सगळं बरंचसं गेल्या दीड-दोनशे वर्षांतलं आहे, इंग्लंडचा केनेल क्लबच मुळी १८७३ चा. लॅब्रॅडॉरचं काम काय, तर शिकाऱ्याने पाडलेलं बदक पाण्यातून न चावता तोंडात धरून आणायचं. बीगलचं काम सशाचा वास धरून तासन्‌तास धावायचं आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्यांना कळावं म्हणून ओरडत राहायचं. डॅशहंड बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळात घुसायचा, म्हणून पाय आखूड. जर्मन शेफर्ड मेंढ्या राखायचा. आणि हस्की सैबेरियाच्या बर्फात मैलोन्‌मैल गाडी ओढायचा. ही कामं आपल्या घरात कोणी करून घेत नाही पण सवय अंगातून गेलेली नाही, तुमचा लॅब घरातले सगळे मोजे आणून तुमच्या पायाशी ठेवतो ते त्याचं बदक आहे.

आता यातली गंमत ऐका. २०२२ मध्ये सायन्स या मासिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांकडून स्वभावाबद्दल प्रश्नावली भरून घेतली, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए तपासला, आणि निघालं काय, तर कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ९ टक्के ब्रीडमुळे. वस्तू आणून देणं, हूऽऽ करून रडणं, सांगितलेलं ऐकणं असल्या गोष्टी वंशातून बऱ्यापैकी येतात. पण कुत्रा किती पटकन बिथरतो, जे पोरांच्या घरात सगळ्यात महत्त्वाचं, ते ब्रीडवरून जवळजवळ सांगताच येत नाही. म्हणजे "ही फॅमिली ब्रीड आहे हो, एकदम सेफ" असं जो विकणारा सांगतो त्याला तुम्ही हसून नमस्कार करा.

मग ब्रीड बघायचीच नाही का? बघायची, पण स्वभावासाठी नाही, शरीरासाठी आणि त्या जुन्या कामासाठी. किती वजन होणार, किती केस, नाक केवढं, किती पळवावं लागणार, किती भुंकणार, हे ब्रीड नक्की सांगते, आणि आपल्या घरात, आपल्या हवेत नेमकं हेच नडतं.

हवेपासूनच सुरू करू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंज्यांना येतो तेवढाच, बाकी अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती जीभ काढून धापा टाकून. त्यामुळे हस्कीसारखा दुहेरी केसांचा कुत्रा मे महिन्यात डोंबिवलीत काय किंवा ४५ डिग्रीच्या नागपुरात काय, एसी लावून ठेवावा लागतो, आणि केस भादरून काही फायदा नाही, ते केस उन्हापासूनही त्याला वाचवत असतात. शिवाय तो दिवसभर गाडी ओढायला बनलेला, तुम्ही त्याला बाल्कनीत ठेवणार, मग तो सोफा ओढणार. भावाचा हस्की इथेच बाद झाला.

पगचं दुखणं वेगळं. २००३ च्या सुमाराला मोबाईल कंपनीची ती जाहिरात आली, छोट्या मुलाच्या मागे मागे पग, आणि घराघरात पग आले. दिसायला गोड, पोरांत मिसळणारा, सहा ते आठ किलो, सगळं खरं. पण नाक इतकं चपटं की धापा टाकून गार होण्याची जी एकच सोय देवाने दिली तीच अडलेली. घोरतो किती क्यूट असं आपण म्हणतो आणि त्या बिचाऱ्याला श्वास पुरत नसतो. डोळे बाहेर आलेले, त्यात लहान मुलाचं नख लागलं तर थेट डॉक्टर. बऱ्याच विमान कंपन्या चपट्या नाकाची कुत्री सामानाच्या भागातून न्यायला घेत नाहीत ते उगाच नाही. माझं मत विचाराल तर पग घेऊच नये, त्यांना वाढवणंच थांबावं, पण ते राहू दे.

आता लॅब, कारण दहातली सात घरं शेवटी तिथेच येतात. लॅब चांगलाच, माझा होता, बारा वर्षांत कुठल्या पोरावर गुरगुरला नाही. पण लोकांच्या डोक्यात जो लॅब असतो तो पाच वर्षांचा, शांत, पोराच्या शेजारी पसरलेला. त्याच्या आधीची दोन-अडीच वर्षं कोणी सांगत नाही. पूर्ण वाढलेला लॅब २५ ते ३६ किलो, तुमचा चार वर्षांचा मुलगा १५-१६ किलो. लॅबने रागाने काही करायची गरज नाही, नुसता आनंदाने वळला तरी पोरगं फरशीवर. आणि शेपूट बरोबर टीपॉयच्या उंचीला, चहाचे किती कप गेले त्याचा हिशेब मी ठेवला नाही. दात येताना सगळं कुरतडतो, त्यात पोरांच्या हातापायांचाही नंबर लागतो, तो खेळ असतो पण दात सुयांसारखे असतात आणि मूल घाबरतं ते घाबरतंच.

आणि भूक! आमचा एकदा गणपतीत नैवेद्याच्या ताटातले अकरा मोदक केळीच्या पानासकट खाऊन वर निरागस चेहरा करून बसला होता. मला वाटायचं आमचाच हावरट. मग २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडाच गायब असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे तो खरंच उपाशी असल्यासारखा बघतो, नाटक नाही. पोरांच्या घरात हे डेंजर, कारण आजी एक पोळी देते, नातू बिस्किट देतो, बाबा अंडं देतात, आणि दोन वर्षांत कुत्रा ४२ किलो, मग कंबर जाते. लॅब आणि जर्मन शेफर्ड दोघांत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा त्रास वंशातून येतो, त्यात जास्तीचं वजन आणि आपल्या गुळगुळीत टाईल्स. त्यामुळे जाडा लॅब घसरत चालताना दिसला की मला त्याच्यापेक्षा मालकाचा राग येतो. खर्चाचंही बघून ठेवा, मोठा लॅब दिवसाला ४०० ग्रॅमपर्यंत कोरडं खाणं खातो, म्हणजे महिन्याला १२ किलो, आणि लसी, डॉक्टर, गोचिडांचं औषध वेगळं.

गोल्डन रिट्रीव्हर म्हणजे हेच सगळं, अधिक केस. वरणात केस, देव्हाऱ्यात केस. पावसाळ्यात त्या लांब केसांत गोचीड शोधत बसायचं, आणि शोधायलाच लागतं, कारण गोचिडताप आपल्याकडे फार कॉमन आहे आणि कुत्र्याचा जीव जातो त्याने.

बीगल साइजला एकदम बरोबर वाटतो, नऊ ते अकरा किलो, पोरांशी दमेपर्यंत खेळतो, मजबूत आहे. पण त्याच्या कामात काय होतं आठवा, वास आणि आवाज. वास लागला की तुम्ही त्याच्यासाठी जगात नाही, गेट उघडं राहिलं की गेला. आणि दिवसभर एकटा ठेवला तर जो सूर लावतो तो भुंकणं नाही, ती हाळी आहे, अख्ख्या विंगला ऐकू जाते. सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही हे खरं, पण शेजारच्या काकूंचं डोकं दुखतंय हेही खरंच. घरात दिवसभर कोणी असेल तर बीगल, नाहीतर नको.

शिह त्झू सध्या फ्लॅटवाल्यांत फार चाललाय, फिरवायचा त्रास कमी, कमी भुंकतो. पण केस वाढतच राहतात, रोज विंचरायचे आणि दीड-दोन महिन्यांनी कापून आणायचे, आणि नाक याचंही आखूडच. एवढ्या लहान कुत्र्याचं उलटं होतं, तो मुलाला पाडत नाही, मूल त्याला पाडतं. सोफ्यावरून हातातून सुटला की पाय मोडतो. डॅशहंडला तर कुठल्याच लहान मुलाच्या हातात देऊ नका, त्याच्या लांब पाठीचे मणके नाजूक असतात आणि पोरं नेमकं काखेत धरून लोंबकळत उचलतात.

आपल्या लहानपणी चाळीत ज्याला सगळे पामेरियन म्हणायचे, पांढरा, टोकदार तोंडाचा, जिन्यात पाऊल वाजलं की भुंकणारा, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा. खरा पामेरियन दोन-तीन किलोचा खेळण्याएवढा असतो. स्पिट्झ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाढला, हवा सोसतो, दूधभात खाऊन पंधरा वर्षं काढलेले स्पिट्झ मी पाहिलेत (दूधभात देऊ नका, पाहिलेत एवढंच म्हणतेय). फक्त त्याला अंगाशी झोंबलेलं आवडत नाही, म्हणून मुलं आठ-दहा वर्षांची झाली असतील तर उत्तम.

जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर हे पहिल्यांदा कुत्रा घेणाऱ्याने लहान पोरांच्या घरात आणू नयेत एवढंच म्हणेन. वाईट म्हणून नव्हे, त्यांच्याकडून चूक झाली तर ती परवडत नाही म्हणून. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जाती हिंस्र म्हणून त्यांच्यावर बंदी आणा असं राज्यांना पत्र पाठवलं होतं, रॉटवायलर, पिटबुल त्यात होते, पण एप्रिलमध्येच कर्नाटक आणि दिल्लीच्या हायकोर्टांनी ते रद्द केलं. त्यामुळे यादीकडे बघून निर्णय घेऊ नका, घरातल्या धाकट्याकडे बघून घ्या.

देशी ब्रीड घ्यायची म्हणून कोणी कोणी कारवान किंवा मुधोळ विचारतं. लातूरकडचे कारवान, बागलकोटकडचे मुधोळ, काय देखणी जनावरं! पण ती नजरेने सावज धरून वाऱ्यासारखी पळायला बनलेली, शेत असेल, रान असेल तर जरूर घ्या, चौथ्या मजल्यावर नको. आणि परक्याने एकदम हात लावलेला त्यांना खपत नाही, तुमच्या पोरांचे मित्र दिवसभर येत-जात असतात.

आता माझी लाडकी जात, गावठी. लोक इंडी म्हणतात हल्ली, त्याने भाव वाढत असेल तर म्हणोत. हिला कोणी नाकाडोळ्यांसाठी वाढवलं नाही, इथल्या उन्हापावसात जी टिकली तिचीच पिल्लं झाली, म्हणून शरीर बरोबर मधलं, साधारण १५-२० किलो, आखूड केस, लांब नाक, सांधे बळकट, ब्रीडवाल्यांचे वंशातून येणारे आजार कमी. आमची चिमी भाजी मार्केटच्या मागून आणलेली, दीड महिन्याची, अंगावर खरूज आणि पोटात जंत. पहिले पंधरा दिवस डॉक्टरकडेच गेले. पार्व्हो नावाचा जुलाबाचा आजार रस्त्यावरच्या पिल्लांत फार, लस नसेल तर दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं, म्हणून रस्त्यावरून उचललंत तर आधी डॉक्टर, मग घर. आणि चिमी लॅबसारखी नाही. ती विचार करते. बस म्हटलं तर आधी बघते की का बसू. बेल वाजली की भुंकणारच, अनोळखी माणसाला तीनदा हुंगल्याशिवाय आत घेत नाही. पण घरच्या पोरांना ती धरून असते, आणि ओढाताण झाली तर चावायच्या आधी उठून दुसऱ्या खोलीत जाते, हा गुण मला कुठल्याही कागदापेक्षा मोठा वाटतो. सगळ्याच गावठी अशा नसतात, काही फार भित्र्या असतात, आणि भित्रं कुत्रं लहान पोरांच्या घरात नको.

भित्रं कसं होतं ते सांगते, कारण विकत घेतानाही तेच बघायचं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असल्यापासून ते तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघेल, ऐकेल, हुंगेल ते त्याला आयुष्यभर नॉर्मल वाटतं. कुकरची शिट्टी, रिक्षा, मिक्सर, रडणारं मूल, दाढीवाला माणूस. हे दिवस ज्याने पिंजऱ्यात काढले त्याला मग सगळ्याचीच भीती. म्हणून पिल्लू बघायला जाल तेव्हा आई दाखवा म्हणा, ती जवळ येते का, शेपूट हलवते का, की दबून कोपऱ्यात बसते. आई "गावाला ठेवलीय" असं सांगितलं की उठा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला नियमाने परवानगी नाही आणि २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद केलेली हवी, तो नंबर मागा. आमच्या ओळखीत एकाने महिन्याचं "प्युअर लॅब" घेतलं, कागद नंतर देतो म्हणाले, सहा महिन्यांनी कान उभे राहिले. कुत्रा गोड आहे, पण पैसे लॅबचे गेले.

याहून सोपा मार्ग म्हणजे मोठं, दोन-तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घ्या. माणसं परदेशी जातात, म्हातारी होतात, कुत्री मागे राहतात. मोठ्या कुत्र्याचं वजन ठरलेलं असतं, स्वभाव समोर दिसतो, शी-शू शिकलेलं असतं. पोरांना घेऊन तीन-चार वेळा भेटायला जा, पोरं पळताना ते काय करतं बघा.

आता पोरांचं. मुलांना जी कुत्री चावतात ती बऱ्याचदा ओळखीची, घरचीच असतात, आणि लहान मूल उंचीने लहान म्हणून चावा तोंडावर, मानेवर बसतो. "अचानक चावला हो" असं सगळे म्हणतात पण अचानक क्वचितच असतं. मुलाने मिठी मारली की कुत्रं जांभई देतं, ओठ चाटतं, तोंड फिरवतं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, मग ताठ होतं, मग गुरगुरतं, हे सगळं तो "नको" म्हणत असतो. आपण त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकतो. आणि गुरगुरल्यावर चपराक देऊ नका, मार खाऊन तो गुरगुरणं सोडेल, चावणं नाही, पुढच्या वेळी न सांगता चावेल. तो खात असताना, झोपलेला असताना, काही चघळत असताना पोरांनी जवळ जायचं नाही, आणि सहा-सात वर्षांखालचं मूल आणि कुत्रा एका खोलीत एकटे ठेवायचे नाहीत, कुत्रा कितीही गरीब असला तरी. आमच्याकडे चिमीची गोधडी दिवाणाखाली आहे, ती तिथे गेली की पोरांसाठी ती घरात नाही.

चावला, नुसता दात लागला, ओरखडा आला तरी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, हळद-तिखट-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टर. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे दर वर्षी, आणि महापालिकेचं लायसन काढताना ते कार्ड लागतंच. पोरांना हेही शिकवा की प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके, चॉकलेट, कांद्याची भजी, शुगरफ्री च्युइंगगम, यातलं काही कुत्र्याला द्यायचं नाही, प्रेमाने दिलं तरी विष ते विषच.

आणि कृपा करून "जबाबदारी शिकेल" म्हणून सात वर्षांच्या पोरीला कुत्रा आणू नका. ती पाणी भरेल, ब्रश करेल, पण ३० किलोचा कुत्रा तिला रस्त्यावरून ओढत नेईल. दहा-बारा वर्षांचं मूल थोडं काम घेऊ शकतं. बाकी कुत्रा तुमचा असतो, आणि लॅब १०-१२ वर्षं जगतो, म्हणजे भावाची मोठी तेव्हा कॉलेजात असेल आणि पट्टा तुमच्याच हातात असेल.

भावाला मी एक काम सांगितलं. पंधरा दिवस, कुत्रा न आणता, रोज सकाळी सहाला अर्धा तास आणि रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास खाली जाऊन फिरून यायचं, पाऊस असो नसो, हातात रिकामा पट्टा घेतलास तर उत्तम. हसला आधी. पोरं चार दिवस गेली त्याच्याबरोबर. तो नऊ दिवस गेला, दहाव्या दिवशी पाऊस होता. नंतर भावजयीचा फोन आला की रात्रीचं मी करेन, मला तसंही चालायला सांगितलंय डॉक्टरने, सकाळचं तुम्ही भाऊबहीण ठरवा काय ते. मग पुन्हा पाच दिवस झाले त्याचे.

हस्कीचा फोटो परत आलेला नाही. आता ओळखीतल्या एका आजोबांची तीन वर्षांची स्पिट्झ बघतोय, आजोबा मुलाकडे बंगळुरूला चाललेत, तिने नातवंडं पाहिलेली आहेत, दोनदा भेटून झालं, धाकट्याला म्हटलंय तिला उचलायचं नाही, ती स्वतः जवळ येईपर्यंत थांबायचं. आईचा एकच प्रश्न, देवघरात येणार का? आजोबा म्हणाले दिवाळीच्या आत घेऊन जा. मी म्हटलं नको, नव्या घरात पहिल्याच आठवड्यात फटाके नकोत, भाऊबीज होऊ दे.